क्रमशः वाचणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलवर भागाभागाने येणाऱ्या मराठी कादंबऱ्या मी नेमाने वाचते आणि जवळजवळ प्रत्येक भागावर लेखकाला काहीतरी लिहिते. गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या वाचकमंडळाला हे कळल्यापासून तेच ते प्रश्न येतात, कधी बैठकीत, कधी देवळाच्या पायऱ्यांवर, कधी बाजारात तांबडी भाजी निवडताना. म्हणून एकदाच लिहून ठेवते. उत्तरं माझी आहेत, नियम नव्हेत. ज्यांना भांडायचं असेल त्यांनी खुशाल भांडावं.

बाई, कथा चालू असताना वाचायची की संपेपर्यंत थांबायचं?

चालू असतानाच वाचा. संपलेली कादंबरी कुठे पळून जात नाही. चालू कथेत मात्र पुढे काय होणार हे पुष्कळदा लेखकालाही पुरतं ठाऊक नसतं, आणि आपण आज लिहिलेलं तो पुढचा भाग लिहायच्या आधी वाचतो. छापील पुस्तकाच्या वाचकाला ही संधी नाही.

ह्यात नवं काही नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यात क्रमशः छापली. नायिका यमूचं पुढे काय होणार ह्या काळजीत वाचकांना पुढच्या अंकापर्यंत बसावं लागे. आपल्याकडे त्याच्याही आधीपासून चातुर्मासात देवळात पोथी लागते. ‘पांडवप्रताप’चे ६४ अध्याय एका बैठकीत कोण ऐकणार? अध्याय संपला की पोथी बांधायची, आणि घरी जाताना द्रौपदीची बाजू घेऊन बायका तावातावाने बोलणार. १६१६ साली राशोलला छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’त तर श्रोता मध्येच उठून शंका विचारतो आणि पाद्री गुरू तिचं निरसन करून मगच पुढे जातो. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं असतं, हे गोव्यात चारशे वर्षं गृहीत धरलेलं आहे.

विसराळू असाल तर रहस्यकथा मात्र पाच-सहा भाग साठवून वाचा.

प्रतिसादात लिहायचं तरी काय? मला ‘छान’च्या पुढे सुचत नाही.

वाचताना तुमचं काय झालं ते लिहा. बाकी काही लिहायची गरज नाही.

कुठे थांबलात, कुठला परिच्छेद मागे जाऊन पुन्हा वाचलात, कुणाचा संशय आला, कुठे डोळे नुसतेच ओळींवरून घसरत गेले. लेखकाला हे दुसऱ्या कुठल्या वाटेने कळत नाही. किती जणांनी भाग उघडला, किती जणांनी तारे दिले, हे आकडे त्याला दिसतात. पण ‘मावशी जाताना दाराला कडी लावते तिथे मला वाटलं ही काहीतरी लपवतेय’ असं कुठला आकडा सांगणार? कदाचित मावशीने कडी सहजच लावली असेल, लेखकाच्या मनात काहीच नसेल. आता त्याला कळलं की वाचकाला तिथे खूण दिसली. ती ठेवायची, वाढवायची की पुसून टाकायची, हे तो बघेल.

अंदाजही लिहा, आणि तो चुकण्याची लाज बाळगू नका. चुकलेल्या अंदाजातून लेखकाला कळतं की त्याने वाचकाला कुठवर नेलं आहे. काहीजण चार भाग उलटल्यावर येऊन ‘मला आधीच कळलं होतं’ म्हणतात. त्याचा कुणालाच उपयोग नाही.

उदाहरण देते. समजा, कथेतली सून रात्री माहेरी फोन करते आणि जे सांगायचं ते न सांगताच ठेवते. ‘खूपच हृदयस्पर्शी’ असं लिहू नका. असं काही लिहा: ‘तिने आईला जेवणाचं विचारलं तेव्हाच समजलं, ही आज बोलणार नाही. आई तरी ओळखेल असं वाटलं होतं, तर आई पंख्याच्या आवाजाची तक्रार करत बसली. इथे मी थोडा वेळ वाचायची थांबले. सासरे ह्या भागात दिसलेच नाहीत. मुद्दाम का?’ ह्यात कौतुकाचा शब्द एकही नाही, पण लेखकाला आठवडाभर पुरेल एवढा ऐवज आहे.

नुसतं ‘पुभाप्र’ लिहिलं तर चालतं का?

चालतं. ‘पुढील भागाच्या प्रतीक्षेत’ ही हजेरी आहे, आणि हजेरीचीही किंमत असते. नव्या लेखकाला पहिल्या दोन-तीन भागांवर तेवढंच हवं असतं: कुणीतरी आहे.

‘पुढचा भाग कधी???’ असं मात्र लिहू नये. तो माणूस नोकरी करून, पोरांचा अभ्यास घेऊन, रात्री अकराला लिहायला बसतो.

पुढे काय व्हावं हे लेखकाला सुचवावं का?

नाही. माझा एवढा एकच हट्ट आहे.

फरक समजून घ्या. ‘तिला काही होऊ देऊ नका हो, जीव टांगणीला लागलाय’ ही तुमची धास्ती झाली. ती वाचनाचाच भाग आहे, जरूर कळवा. ‘तिचं लग्न डॉक्टरशीच लावा’ ही मात्र ऑर्डर झाली.

वाचक पूर्वीपासून ऑर्डरी देत आले आहेत. डिकन्सची ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ १८४० आणि १८४१ मध्ये दर आठवड्याला येत होती, तेव्हा छोट्या नेलला वाचवा म्हणून लोकांनी त्याला पत्रं पाठवली. त्याने तिला मारलंच. कॉनन डॉइलने १८९३ च्या डिसेंबरात शेरलॉक होम्सला धबधब्यापाशी संपवलं आणि वाचक खवळले. १९०१ मध्ये होम्स परतला, पण जुन्या काळात घडलेली गोष्ट म्हणून. तो मेलाच नव्हता हे कबूल व्हायला १९०३ उजाडलं. आणि ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा शेवट डिकन्सने १८६१ मध्ये खरंच बदलला, तोही वाचकांच्या नव्हे, तर बुल्वर-लिटन ह्या लेखकमित्राच्या सांगण्यावरून. कुठला शेवट बरा ह्यावर लोक अजून वाद घालतात. मी पहिल्याच्या बाजूची.

डिकन्सला पत्र पोचायला निदान टपाल लागे. आजच्या लेखिकेला भाग टाकल्यापासून तासाभरात तीनशे लोक काय हवं ते सांगतात, आणि उद्याचा भाग तिला आजच रात्री लिहायचा असतो. वाचक कुठल्या भागात जिंकले हे मला आता लांबून ओळखता येतं. खाष्ट सासू एका रात्रीत हळवी होते, खलनायकाला बालपणीचं दुःख फुटतं, आणि गेल्या महिन्यात शिताफीने पेरलेलं काहीतरी कायमचं जमिनीत राहून जातं. ते उगवलं असतं तर काय आलं असतं ह्याची मला हुरहुर लागते. त्या तीनशे जणांना बहुधा लागत नाही.

कथा गोव्यात घडते आणि तपशील साफ चुकीचे आहेत. मग तरी सांगायचं ना?

सांगायचंच. वरच्या उत्तराशी हे विसंगत नाही. कथा लेखकाची आहे, गोवा त्याच्या एकट्याचा नाही.

पुण्या-मुंबईचे लेखक गोव्यात आनंदाने खून पाडतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जुलैच्या मध्यावर नायक ट्रॉलरवरून मासे घेऊन येतो तेव्हा मी थबकते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. ट्रॉलर जेटीला बांधलेले असतात आणि खलाशी गावी गेलेले. ऑगस्टमध्ये तो बारमध्ये बसून ताजा हुर्राक पितो. हुर्राक ही काजूची दारू, काजूच्या मोसमातली, मार्च ते मे, आणि ती टिकत नाही. ऑगस्टात फेणी प्या म्हणावं. चवथीच्या प्रसंगात थर्मोकोलची आरास आहे, ढोलताशे आहेत, आणि गणपतीच्या डोक्यावर माटोळी नाही! रानातली फळं, वेली, सुपारीचे घोस घरात आले नाहीत तर ती आमची चवथ कसली? आणि प्रत्येक कथेत एक दारुडा पीटर असतोच. त्याच्याबद्दल लिहायला बसले तर हे पान पुरणार नाही.

काळाचे घोटाळे पकडायला जरा कठीण. एका कथेत १९८८ साली नायिका स्कूटरवरून मांडवी पूल ओलांडून पणजीला येते. तो पूल १९८६ च्या जुलैत कोसळला होता. त्यानंतरची काही वर्षं पणजी-बेतीच्या फेरीबोटीला किती गर्दी असे, हे त्या काळात कॉलेजला जाणाऱ्या कुणालाही विचारा.

सगळ्यांत जास्त वेळा सापडणारी चूक मृत्युपत्राची. म्हातारा भाटकार, म्हणजे जमीनदार, रागाच्या भरात सगळी इस्टेट धाकट्या मुलाच्या नावे करतो, थोरला आणि मुलगी रस्त्यावर येतात, आणि त्यावर चाळीस भाग चालतात. गोव्यात हे घडूच शकत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले वारशाचे नियम आपल्याकडे अजून आहेत, आता ते २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात बसवले आहेत. मुलं असली तर आईबापांना आपल्या मालमत्तेचा अर्धाच भाग मृत्युपत्राने हवा त्याला देता येतो. उरलेला अर्धा मुलांचा, आणि मुलांत मुलीही आल्या. शिवाय लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते. म्हणजे म्हाताऱ्याच्या नावावर दिसणाऱ्या इस्टेटीतली निम्मी मुळात म्हातारीची. उरलेल्या निम्म्यातल्या निम्म्यावरच त्याचा राग चालणार.

आता हे सांगायचं कसं? ‘अभ्यास करून लिहा’ असं म्हणून मोकळं व्हायचं नाही. चूक दाखवताना तिच्या जागी काय सापडू शकतं तेही हातात ठेवा. वरच्या कथेच्या लेखकाला सांगण्यासारखं केवढं तरी आहे: वारसांचं एकमत झालं नाही तर इन्व्हेंटरीचा, म्हणजे वाटणीचा, खटला चालतो, आणि तिथे सख्खी भावंडं एकाच घरावर एकमेकांविरुद्ध बोली लावू शकतात. ज्या बहिणीला लेखक रस्त्यावर आणत होता ती कोर्टात भावाच्या वर बोली लावतेय, आणि आई मागच्या बाकावर बसून दोघांकडे बघतेय. माझ्या मते मूळ कथानकापेक्षा हे सरस. पण ते घ्यायचं की नाही हा निर्णय त्याचा. नाही घेतलं तर नाही. मी नियम सांगितला, प्लॉट विकत नव्हते.

ज्या तपशिलाने कथेचं काही बिघडत नाही तो सोडून द्या. म्हापशाचा मोठा बाजार शुक्रवारचा, कथेत बुधवारी गर्दी दाखवली, ठीक आहे. तेवढ्यासाठी कुणाला टोकू नये.

शुद्धलेखनाच्या चुका काढाव्यात का?

उघड नको. वैयक्तिक निरोपाची सोय असेल तर एकदाच विचारा, ‘चुका कळवल्या तर चालेल का?’ हो म्हटलं तर यादी पाठवा. पात्राचं नाव मध्येच बदललं असेल तर मात्र न विचारता, लगेच सांगा.

आमचं मराठी गोव्याचं. लिहिताना मध्येच कोंकणी येते. हसतील का?

आपल्यातल्या पुष्कळांचं असंच आहे. घरात कोंकणी, शाळा, वर्तमानपत्र, कीर्तन आणि जत्रेतलं रात्रभर चालणारं नाटक मराठी. कोंकणी की मराठी, हे १९८७ च्या राजभाषा कायद्यावरचे वाद इथे आणू नका, ते दुसरीकडे भरपूर चालतात. लेखकाला तुमचं व्याकरण तपासायचं नसतं, कथा पोचली का ते बघायचं असतं. ‘आई’ऐवजी ‘आवय’ लिहिलंत तर लिहिलंत. नगरच्या एका लेखिकेने तर माझ्या प्रतिसादातला ‘आवंडो’ (म्हणजे ओढ) उचलून थेट कथेत घातला होता, आणि तोही चुकीच्या जागी. मला गंमत वाटली.

इतकी पात्रं असतात, नावं लक्षातच राहत नाहीत.

वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढा. हसू नका, मी काढते. आणि तरीही ‘हा नरेश कोण?’ असा प्रश्न पडला तर तो लेखकालाच विचारा. पाच जणांनी विचारलं तर दोष वाचकांच्या स्मरणशक्तीचा नसतो.

कथा नावडली तर गप्प बसावं की सांगावं?

पहिल्या दोन-तीन भागांतच नावडली तर गप्प उठून जा, कुणी तुम्हाला धरून ठेवलेलं नाही. तीस भाग सोबत केल्यावर सोडत असाल तर कारण सांगून जावं. ते ऐकण्याचा लेखकाला हक्क आहे. कारण मजकुराबद्दल असावं: ‘एकविसाव्या भागापासून ती स्वतः काही ठरवत नाही, सगळं तिच्या बाबतीत घडत राहतं, त्यामुळे माझं लक्ष उडालं.’ ‘तुम्हाला लिहिता येत नाही’ हे कारण नव्हे.

मध्येच बंद पडलेल्या कथेचं काय करायचं?

दुःख करायचं. डिकन्सच्या शेवटच्या रहस्यकथेचे बारा भाग ठरले होते. १८७० मध्ये तो गेला तेव्हा सहाच तयार होते, आणि खुनी कोण हे कुणालाच कळलं नाही. आपले लेखक सहसा मरत नाहीत. त्यांची बदली होते, बाळंतपण येतं, परीक्षा येते, किंवा कथा अशा जागी अडकते की पुढचं दार सापडत नाही. एक निरोप पाठवा, तोही तगाद्याचा नको. शेवटचा भाग वाचून किती दिवस झाले तरी तुम्हाला त्यातलं काय आठवतंय, तेवढं लिहा. अडकलेल्या माणसाला कधी कधी तिथेच दार सापडतं. नाही सापडलं तर दुसरा निरोप पाठवू नका.

काही ॲपवर पुढचा भाग पैसे दिल्यावरच उघडतो. द्यावेत का?

परवडत असतील तर द्या. रविवारच्या पुरवणीसाठी वर्तमानपत्र विकत घेत होतोच की. थांबायची तयारी असेल तर बऱ्याच ठिकाणी तोच भाग काही दिवसांनी फुकट उघडतो.

पण ह्या रचनेचा कथेवर परिणाम होतो, आणि त्याबद्दल बोललं पाहिजे. भागागणिक कमाई असली की भाग वाढतात. एक चहा तीन भाग उकळतो. अशा वेळी ‘ह्या भागात काही घडलं नाही’ असं स्पष्ट लिहावं. पैसे दिले म्हणून नव्हे, न देणाऱ्यानेही लिहावं. आणि उलट, पैसे दिले म्हणून नायिकेचा नवरा निवडायचा अधिकार मिळत नाही.

आवडलेला भाग कॉपी करून ग्रुपवर टाकला तर?

टाकू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिलं त्या क्षणापासून हक्क लेखकाचा. त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. लिंक पाठवा. ‘अज्ञात लेखक’ असं खाली लिहून पाठवणाऱ्यांचा मला विशेष राग आहे. लेखक अज्ञात नसतो, नाव ह्यांनीच खोडलेलं असतं.

लेखिका ओळखीची निघाली तर?

गोवा एवढासा आहे, निघणारच. कुडचड्याचं घर, मागचा पाणवठा, नवऱ्याची मायनिंगमधली गेलेली नोकरी, असे दोन-चार तपशील जुळले की टोपणनावाआड कोण आहे ते कळतं.

तोंड मिटून ठेवायचं. लग्नकार्यात ती समोर आली तरी ‘तुझी ती कथा’ म्हणायचं नाही. टोपणनावाने लिहिणाऱ्या कितीतरी बायकांच्या घरी त्या लिहितात हेच ठाऊक नसतं, आणि त्यांच्या कथांत सासर असतं, दीर असतात, वाटणीची भांडणं असतात. तुम्ही कौतुकाने बोलाल आणि तिचं लिहिणं बंद होईल. तिला सांगायचं ते प्रतिसादात सांगा, अनोळखी असल्यासारखं. ह्याबाबत आमच्या मंडळात एकदा चांगलीच खडाजंगी झाली आणि मी आवाज चढवला. पुन्हा वेळ आली तरी चढवेन.

मी एवढं मोठं लिहिते, लेखक उत्तरच देत नाही.

मग? तुम्ही वाचक आहात, अर्जदार नव्हे. काहीजण मुद्दाम उत्तर देत नाहीत, कारण बोलायला लागलं की पुढचं फुटतं. त्यांचं बरोबर आहे.

बरं, सुरुवात कुठल्या कथेपासून करू?

नाव सांगणार नाही, माझी आवड तुमच्यावर कशाला? पाच-सात भाग झालेली, फारसं कुणी न वाचणारी कथा शोधा. हजारो वाचकांच्या गर्दीत तुमच्या चार ओळी बुडून जातात. दहा-बारा वाचकांच्या कथेत लेखक त्या दोनदा वाचतो. पहिले तीन भाग वाचून काहीच लिहू नका, चौथ्यावर लिहा. आणि चवथीच्या आठवड्यात नवी कथा धरू नका. घरात नेवऱ्यांचं पीठ मळलेलं असतं, लेखकाच्याही घरी तेच, आणि भाग हमखास उशिरा येतो.